गायतोंडे, खोब्रागडे आणि आपला रिकामा कोनाडा



मागल्या महिन्यात पुनावळ्याच्या विहारात अभ्यासवर्ग संपल्यावर भिंतीवरून भांडण झालं. विहार रंगवायचा आहे. पुढच्या भिंतीवर बाबासाहेब, बोट वर केलेले, हातात संविधान. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. मागची भिंत नाल्याकडं तोंड करून उभी आहे. वस्तीतला एक पोरगा चित्रकलेच्या कॉलेजात शिकतो, तो म्हणाला, ती भिंत मला द्या. काय काढणार? तर म्हणाला, वस्तू कुठलीच नाही. निळ्यावर निळा, थरावर थर. चेहरा नाही, चक्र नाही, अक्षर नाही. बैठक हसली. एक जण म्हणाला, "मग चुना काय वाईट?" दुसरा चिडलाच, "ही पोटभरल्यांची थेरं आहेत. बापजाद्यांच्या पाठीवरचे वळ काढ की!" मत घेतलं. मीही विरोधात हात वर केला. पोरगा गप बसला. निघताना फक्त एवढंच बोलला, "दादा, तू कविता लिहितोस ना?"

ते वाक्य अख्खी थर्ड शिफ्ट डोक्यात राहिलं. हा लेख त्याला उत्तर आहे. मी चित्रकलेचा मास्तर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं, रोलिंग मिलमध्ये कंत्राटी हेल्पर आहे. जे कळलं ते लायब्ररीत, जुन्या बाजारातल्या पुस्तकांत आणि मोबाईलवर. चुकत असेन तर पुढच्या अंकात हाणा. आपल्या सायक्लोस्टाइलवर चित्र निघत नाही, शाईचा गोळा होतो. म्हणून चित्रं शब्दांतच दाखवावी लागतील.

आधी आरोप नीट मांडू. वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ सालचं एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीज कंपनीच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. चित्रात माणूस नाही, झाड नाही, चित्राला नावसुद्धा नाही. मला महिन्याला सोळा हजार हातात पडतात. हिशेब केला. एक दिवस खाडा न करता, एक पैसा न खाता १२३४ वर्षं मिलमध्ये राबलो तर ते चित्र घेता येईल. तेव्हा चिडणाऱ्या भावाचं चिडणं मला कळतं. पण गायतोंडे २००१ सालीच वारले होते. त्या लिलावातला छदाम त्यांना मिळाला नाही. बाजारानं चित्राचं काय केलं हा एक प्रश्न, आणि चित्रकारानं काय केलं हा दुसरा. आपण बैठकीत दोन्ही एकाच दाव्याला बांधले.

चित्रकारानं काय केलं ते बघू.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घर मूळचं गोव्याचं. वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. १९४८ ला जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. १९५० च्या सुमाराला हुसेन, रझा, सुझा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये गेले. तेव्हाच्या त्यांच्या चित्रांत माणसं आहेत, बाया आहेत. जैन पोथ्यांतल्या, बसोलीच्या लघुचित्रांतल्या रेषा आणि रंग त्यांनी अभ्यासले. मग पॉल क्ले नावाच्या स्विस चित्रकाराकडून शिकले, आणि माणसाची आकृती विरत विरत खुणेएवढी झाली. १९५७ ला टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. पन्नाशीचं दशक संपता संपता खूणही गेली. उरला रंग आणि त्याचा थर. १९६४ ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला जाऊन आले. १९७१ ला पद्मश्री, १९७२ ला दिल्लीला मुक्काम. ते स्वतः 'अमूर्त' हा शब्द घ्यायचे नाहीत. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे. म्हणजे वस्तूचं चित्र नव्हे.

जगात हा रस्ता त्यांच्या आधी तुडवलेला होता. पीट मोंद्रियान हा डच चित्रकार १९०९ ला थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. आपल्याकडं मद्रासजवळ अड्यारला ठाणं असलेली तीच सोसायटी. १९११ च्या सुमाराला त्यानं 'उत्क्रांती' नावाचं तीन फळ्यांचं चित्र काढलं. तीन उघड्या बाया, आजूबाजूला त्रिकोणाची फुलं नि तारे. त्रिकोण म्हणजे आत्मा, मिटलेले डोळे म्हणजे आतली नजर, असला सगळा कोष्टकातला अर्थ. याला प्रतीकवाद म्हणतात. दाखवायचं एक, समजायचं दुसरं. त्याच सुमाराला तो झाडंही काढत होता. लाल झाड, मग करडं झाड, मग फांद्यांच्या नुसत्या कमानी. विशीच्या दशकात त्याच्या चित्रात काळ्या उभ्या-आडव्या रेषा आणि लाल, पिवळा, निळा एवढंच राहिलं. आता रेषा कुणाच्या वतीनं उभी नाही. ती रेषा आहे.

इथं मी थांबलो. पुस्तकवाले समीक्षक हा प्रवास 'शैलीचा विकास' म्हणून सांगतात आणि पान उलटतात. मला पान उलटता येईना. कारण एक गोष्ट दुसऱ्याच्या वतीनं उभी करायची, हा खेळ आपल्या चांगलाच अंगावर आलेला आहे. पेशवाईत याच पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात गाडगं आणि कमरेला झाडू बांधला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त हे लिहून ठेवलंय. ते गाडगं पाण्याचं नव्हतं, तो झाडू अंगणाचा नव्हता. ती प्रतीकं होती. बघणाऱ्यानं माणूस बघायचा नाही, विटाळ बघायचा. जात ही अशी चित्रलिपी आहे. तिच्यात आपल्याला कधी आपण म्हणून उभं राहू दिलं नाही. आपण कायम कशाची तरी खूण.

हे डोक्यात ठेवून मी गायतोंडे बघायला गेलो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो, रात्र शिवाजी पार्कात काढली, दुसऱ्या दिवशी म्युझियम गाठलं. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे. तिथं गायतोंडे यांचं एक चित्र लागलं होतं. उभं कॅनव्हास. आधी मी सगळे करतात तेच केलं, शोधायला लागलो. धुकं आहे का? समुद्र आहे का? हे काळपट म्हणजे होडी का? काही लागेना. राखणदार दोनदा येऊन माझ्या पिशवीकडं बघून गेला.

मग हातानं बघितलं. म्हणजे हात न लावता. गायतोंडे ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ चालवायचे. रोलरनं थर चढवायचा, तो वाळू द्यायचा, खरवडायचा. फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनी रंग उतरवायचा. पुन्हा थर. वर्षात मोजकीच चित्रं व्हायची. बाकी वेळ बघत बसायचे. रोलर म्हटल्यावर मला वाट सापडली. आमच्या मिलमध्ये बिलेट भट्टीतून लालबुंद निघतो. रोलमध्ये शिरला की वरची खपली झडते, तिला आम्ही स्केल म्हणतो. एका पासमध्ये काही होत नाही. पास पास करत तो बारीक होतो. शेवटी जी सळई निघते तिच्यावर मधल्या कुठल्याच पासचं नाव नसतं, पण एकही पास चुकवून चालत नाही. त्या चित्रात मला असे पास दिसले. खालचा पिवळा मारलेला आहे, पण मेलेला नाही. कडेला रोलर उचलला तिथं रेघ राहिलीय. मी कामगार आहे, काम ओळखतो. फसवाफसवीचं काम नव्हतं ते.

आता आजीचं सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही.

आजीचं माहेर मावळातलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गावोगाव लोकांनी घरातले देव काढले. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. ती सांगायची, "आमच्या बानं समदं टाक फडक्यात बांधलं आन् पवनंत सोडलं. कोनाडा मोकळा. आय दिवा लावायच्या येळंला तिकडं जायाची आन् माघारी फिरायची. मला लय भ्या वाटायचं, आता काय तरी होनार. काय झालं न्हाई. मंग हळूहळू भ्या ग्येलं." बाबासाहेबांची तसबीर पुण्याहून यायला चार-सहा महिने लागले. तोवर कोनाडा तसाच.

आपण त्या तसबिरीबद्दल हजार भाषणं केली. त्या चार-सहा महिन्यांबद्दल कुणी बोललं नाही. मला वाटतं, माझ्या आजीच्या आईनं आयुष्यातलं सगळ्यात अवघड चित्र तेव्हा बघितलं. काजळी धरलेला कोनाडा, टाक होते तिथं उजळ राहिलेली जागा, आणि संध्याकाळची वेळ. कुणाच्या पाया पडायचं नाही. कुणाला भ्यायचं नाही. अंगठ्याची खूण करणारी बाई ती. तिच्यापुढं कुणी 'अमूर्त' हा शब्द उच्चारला नव्हता.

१९१५ साली पेट्रोग्राडच्या एका प्रदर्शनात काझिमिर मालेविचनं पांढऱ्यावर नुसता एक काळा चौकोन रंगवून टांगला. कुठं टांगला? दोन भिंतींच्या कोपऱ्यात, उंचावर. रशियन घरात तिथं देवाची तसबीर असते. ज्यांच्या घरात देव सुखरूप आहेत त्यांना हे वाचून गंमत वाटेल. आपल्याला लगेच कळायला पाहिजे. आपण तो कोपरा ओळखतो.

आणि हे काही परक्यांचं नाही. आकुर्डीहून लोकल पकडा, मळवलीला उतरा, भाजे लेणी चढा. बाविसेक शतकांपूर्वीचा चैत्य आहे. आत स्तूप. खाली गोल पिंप, वर घुमट. मूर्ती नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. त्या काळात बुद्धाचा देह दाखवत नसत. सांचीला पावलं दाखवली, चक्र दाखवलं, बोधिवृक्ष दाखवला, रिकामं आसन दाखवलं. भाज्याच्या चैत्यात तर स्तूप सोडून काही ठेवलं नाही. आता उलटं बघा. इथून हाकेच्या अंतरावर देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः तिथं बुद्धमूर्ती बसवली, रंगूनहून आणलेली. ज्या माणसांना शतकानुशतकं देवळाच्या पायरीवर येऊ दिलं नाही, त्यांच्या डोळ्यांपुढं शांत, सरळ बसलेला माणूस असायला हवा, हे त्यांना कळत होतं. भाजे आपलं, देहूरोडही आपलं. एकानं दुसरं खोटं पडत नाही. बैठकीत मी देहूरोडच्या बाजूनं हात वर केला आणि भाजे विसरलो.

गायतोंडे यांच्या वाटेशी माझं भांडण नाहीच, असं मात्र समजू नका.

पहिलं भांडण त्यांच्यावर लिहिणाऱ्या प्रस्थापितांशी. गायतोंडे झेन वाचायचे, निसर्गदत्त महाराजांना मानायचे, एकटे राहायचे, कमी बोलायचे. हे खरं. पण समीक्षकांनी त्याची आरती केली. 'मौन', 'साधना', 'परतत्त्व'. चित्रातून सगळे देव निघून गेले आणि समीक्षकांनी मागच्या दारानं पुन्हा आत घेतले. चित्रापुढं उभं राहून विचारायचं ते हे, की इथून काय काढलं, ते कसं काढलं, जागेवर काय शिल्लक राहिलं. त्याऐवजी अगरबत्ती लावतात. मग आपल्या पोरांना वाटतं, हे बामणाचं सोवळं आहे, आपण शिवायचं नाही.

दुसरं भांडण मौनाशीच. ज्याला बोलायची मुभा होती तो गप बसला, आणि ज्याची थुंकी पडू नये म्हणून गळ्यात गाडगं बांधलं तोही गप बसला. या दोन गप्प्यांना एकच शब्द वापरून चालणार नाही. गायतोंडे यांनी माणूस चित्रातून काढला तेव्हा कुणी त्यांना विचारलं नाही, "तुमच्या लोकांचं दुःख का काढत नाही?" वस्तू सोडायचा हक्क त्यांना आपसूक मिळाला. सगळ्यांना तो मिळत नाही, हे मला दुसऱ्या एका नावामुळं समजलं.

ते नाव अंबादास खोब्रागडे. जन्म १९२२, अकोल्याचा. तेही जे. जे.चेच विद्यार्थी. विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, म्हणजे हातमागाच्या कापडासाठी नक्षीचं काम. १९६२ ला भावनगरात जगदीश स्वामिनाथन आणि इतरांबरोबर त्यांनी एक गट काढला. बारा जण. गटाला नाव काय द्यायचं? ज्या घरात जमले त्याचा नंबर दिला, ग्रुप १८९०. आपल्या टोकन नंबरासारखं. १९६३ ला दिल्लीत त्यांचं एकुलतं एक प्रदर्शन झालं. नेहरूंनी उद्घाटन केलं, मेक्सिकोचा कवी ओक्टाव्हिओ पाझ तेव्हा इथं राजदूत होता, त्यानं पुस्तिकेत लिहिलं. अंबादास १९७२ ला नॉर्वेला गेले आणि ओस्लोचे झाले. २०१२ ला तिकडंच वारले. त्यांची चित्रं मी छापील आणि मोबाईलवरच बघितलीत. रुंद, पन्हळ पडलेले फटकारे, एकमेकांत वळलेले, जमिनीतून उकरलेल्या मुळ्यांसारखे. गायतोंडे थर निवू देतात, अंबादासांचा रंग अजून सरपटत असतो. पण वस्तू नाही. इथंही नाही.

आता माझी चूक सांगतो. आडनाव वाचलं आणि मी उडालो. खोब्रागडे! बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागड्यांचं आडनाव! मग त्या फटकाऱ्यांत मी वळ शोधले, जखमा शोधल्या, गावकुसाबाहेरची वाट शोधली. मिळेना तेव्हा रागावलो. मनात म्हणालो, १९७२ साल! इकडं मुंबईत दलित पँथर उभी राहतेय, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' येतोय, आणि हा माणूस नॉर्वेला? पळाला! मग लक्षात आलं. त्याच १९७२ ला गायतोंडे मुंबई सोडून दिल्लीला गेले, त्यांना मी पळपुटा म्हटलं नव्हतं. अंबादासांना म्हटलं. का? आडनावावरून. म्हणजे मी त्या माणसाच्या गळ्यात पुन्हा एक खूण बांधली, या वेळी आपुलकीनं. चित्र बघितलंच नाही, आडनाव बघितलं. गाडगं बांधणारे हेच करत होते.

मला हे आधीच कळायला पाहिजे होतं, कारण ते माझ्यावर गुदरलंय. शहरातल्या एका कविसंमेलनासाठी मी कविता पाठवली. भट्टीतून निघणाऱ्या लोखंडाच्या रंगावर होती. लाल, मग नारिंगी, मग राखाडी. आयोजकांचा फोन आला, "छान आहे हो, पण तुमच्या वेदनेचं काहीतरी द्या ना. लोक त्यासाठी येतात." मी दिलं. आजोबांच्या चपलांवरची कविता दिली, टाळ्या पडल्या. घरी आलो तेव्हा वाटलं, आजोबा विकले. ती कविता खोटी नव्हती. पण ती मागून घेतली होती. लोखंडाचा रंगही मीच बघितला होता, माझ्याच डोळ्यांनी, तो कुणालाच नको होता.

म्हणून मी म्हणतो, प्रतीकाकडून अमूर्ताकडं जाणारी ही वाट आपल्यासाठी पोटभरल्यांचा खेळ नाही. कुणाची तरी खूण म्हणून उभं राहायला नकार, असा तिचा आपल्यापुरता अर्थ आहे. ब्राह्मणानं सांगितलेली खूण नको, दया करणाऱ्यानं सांगितलेली नको, आणि प्रसंगी चळवळीनं सांगितलेलीही नको. शेवटचं वाक्य लिहिताना हात अडखळला, तरी खोडत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग वळ कुणी काढायचे? सवी सावरकर बघा. १९६१ चा जन्म, नागपूरचे. त्यांनी ते गाडगं, तो झाडू, देवदासी, सगळं जाड काळ्या रेषेत आपल्यापुढं उभं केलं. डोळे मिटता येत नाहीत. ते प्रतीक उगारून मारतात, आणि ते मारणं अजून संपलेलं नाही, कारण गाडगं फक्त नजरेआड झालंय. गटारात उतरणारा आपला भाऊ अजून मरतोय. सावरकरांचं काम पाहिजेच. माझं म्हणणं एवढंच, की सावरकरांनी गाडगं काढलं ते त्यांना काढायचं होतं म्हणून, आणि अंबादासांनी नाही काढलं ते त्यांना नव्हतं काढायचं म्हणून. दोघांना कामानं जोखा. अंबादासांचे फटकारे कुठं सैल पडतात, कुठं एकाच वळणाची सवय होते, यावर बोला. गायतोंडे यांच्या पुढच्या चित्रांत न वाचता येणाऱ्या लिपीसारखे आकार परत येतात, ती गेलेली खूण परत का आली, यावर भांडा. आडनावावर नको.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मी माझं मत मागं घेणार आहे. पुढच्या भिंतीवर बाबासाहेब राहतील, तिथं तडजोड नाही. मागची भिंत त्या पोराला द्यावी, रंगाचे पैसे वर्गणीतून द्यावेत, आणि काम पुरं होईपर्यंत "याचा अर्थ काय" असं कुणी विचारू नये, असा ठराव मी मांडणार. चित्र मला आवडेलच असं नाही. वाईट झालं तर तसं याच पानांवर लिहीन, पोराला आधीच सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "चालेल. पण दादा, आधी भिंतीचे पोपडे खरवडायला ये." थर्ड शिफ्ट सुटली की जाणार आहे. तुम्हीही या, पत्रे आणा.

जय भीम.